रिपोर्टच्या पोटात एसक्यूएल चिकटवणं बंद करा (वाद घालायला या)

फेरीबोट_मांडवी
कळंगुटच्या एका हॉटेलचे रिपोर्ट गेल्या महिन्यात माझ्या गळ्यात पडले, आधीचा मुलगा नोकरी सोडून दुबईला गेला. सतरा पॉवर बीआय (रिपोर्ट बनवायचं टूल) फायली आणि प्रत्येकीत कनेक्शनच्या ऍडव्हान्स्ड ऑप्शनमध्ये आख्खी एसक्यूएल क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे माहिती मागायचा मजकूर, चिकटवलेली, एकेक शंभर-दीडशे ओळींची. मालक विचारतो, ३१ डिसेंबरला बारमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती मग विक्री एवढी कमी कशी? उघडून बघितलं तर बिलाच्या वेळेतून नुसती तारीख काढून घेतलेली, म्हणजे रात्री बारानंतर फाडलेलं प्रत्येक बिल १ जानेवारीला गेलं. अरे हॉटेलचा दिवस बाराला संपत नाही, नाइट ऑडिट, म्हणजे रात्रीचा हिशेब बंद, झालं की संपतो, त्यासाठी टेबलात बिझनेस डेटचा वेगळा कॉलम होता की! आणि गंमत म्हणजे दुसऱ्या एका रिपोर्टात त्याच मुलाने तोच कॉलम बरोबर घेतलेला. माझं म्हणणं एवढंच की टूलमध्ये एसक्यूएल लिहूच नये, डेटाबेसमध्ये एक व्ह्यू (नाव देऊन साठवलेली क्वेरी) करावा आणि सगळ्या रिपोर्टांनी तोच उचलावा.

सोलकढी_डबल
व्ह्यू करा म्हणे. करायला देतंय कोण? आमच्याकडे सॉफ्टवेअरवाला नुसतं वाचायचं लॉगिन देतो, त्यात क्रिएट व्ह्यू टाकलं की परमिशन नाही म्हणून एरर. फोन केला तर 'सर, सपोर्टमध्ये बसत नाही, वेगळं कोटेशन देतो'. दोन माणसांच्या आयटीत ते क्वेरी चिकटवायचं खोकं हाच आमचा आधार. तुझा तो मुलगा चुकला ते तारखेत चुकला रे पात्रांव, खोक्यात नाही. व्ह्यूमध्ये तीच चूक केली असती तर सतराच्या सतरा रिपोर्ट चुकले असते.

फेरीबोट_मांडवी
सतरा चुकले असते तर दोन तारखेलाच कोणीतरी ओरडलं असतं, आणि दुरुस्तीही एकाच जागी झाली असती. एकाला बरोबर एकाला चूक हेच तर वाईट, ज्याला जो सोयीचा तो आकडा तो मीटिंगमध्ये दाखवतो.

उंडो_पाव
२०२६ मध्ये हाताने एसक्यूएल कशाला, हा माझा प्रश्न. टेबलं जोडा, माउसने फिल्टर लावा, पॉवर क्वेरी (पॉवर बीआयचा डेटा आणणारा भाग) स्वतःच त्याचं एसक्यूएल करून सर्व्हरला पाठवते, त्यालाच क्वेरी फोल्डिंग म्हणतात. उलट तुम्ही स्वतःची क्वेरी घातली की पुढच्या स्टेप एरवी फोल्ड होत नाहीत, सगळ्या ओळी आधी खाली ओढायच्या आणि मग गाळायच्या. इन्क्रिमेंटल रिफ्रेश (फक्त नवा डेटा आणणं) लावायला जाल तेव्हा कळेल. टॅब्लो या दुसऱ्या रिपोर्ट टूलमध्येही तेच दुखणं, तो तुमची कस्टम क्वेरी कंसात घालून सबक्वेरी करतो, शेवटी ऑर्डर बाय (क्रम लावायचा भाग) राहिला की एसक्यूएल सर्व्हर लगेच एरर फेकतो.

सोलकढी_डबल
@उंडो_पाव फोल्डिंग चालू ठेवायचा ऑप्शन आहे बाबा, व्हॅल्यू डॉट नेटिव्हक्वेरी या फंक्शनमध्ये एनेबलफोल्डिंग ट्रू कर. ओळी मोजायला बसलास पण आधी मॅन्युअल तरी उघड.

मडगावची_अकाउंटवाली
मध्येच बोलते, मला एसक्यूएल येत नाही. आमच्याकडे सगळं माउसनेच केलेलं, तरी महिन्याची विक्री जीएसटी रिटर्नशी जुळेना, रिपोर्ट भलताच फुगलेला. दोन रात्री बसून एकेक बिल ताडलं. ४२०० चं एक बिल, गिऱ्हाइकाने २००० रोख दिले आणि २२०० यूपीआयने. पेमेंटच्या टेबलात दोन ओळी, बिलाचं टेबल त्याला जोडलं की ४२०० दोनदा आले आणि बेरीज ८४००! माउसने जोडा नाहीतर टाइप करून जोडा, एका बिलाला किती ओळी हे जोडणाऱ्याला ठाऊक नसेल तर हेच होणार. आयटीवाला म्हणाला डिस्टिंक्ट लावतो, म्हणजे सारख्या ओळी एकदाच धरल्या जातील. लावला तर एकाच रकमेची दोन वेगळी बिलंही एक झाली. आता वाद तुमचे तुम्ही घाला.

उंडो_पाव
बरं ताई, हे मान्य. पेमेंटची बेरीज बिलनिहाय आधी करून मग जोडायला हवी होती.

फेरीबोट_मांडवी
आणि ते 'आधी करून' लिहायची जागा म्हणजे व्ह्यू, मी काय वेगळं सांगतोय? पण @सोलकढी_डबल तुझी परमिशनची अडचण खरी आहे, तिथे मी जरा जास्तच बोललो. मग निदान रोज रात्री त्यांच्या डेटाबेसची कॉपी आपल्या मशीनवर घे आणि व्ह्यू तिथे कर. डायरेक्टक्वेरी (दर क्लिकला थेट डेटाबेसला विचारणं) तर चालू डेटाबेसवर लावूच नकोस, आमच्या इथे एका पानावर बारा चार्ट होते, मॅनेजर सकाळी अकराला फिल्टर हलवायचा आणि ऐन चेकआउटच्या गर्दीत रिसेप्शनचा स्क्रीन गोल गोल फिरायचा.

सोलकढी_डबल
कॉपीचं बघतो, जुना एक पीसी पडून आहे. बाकी तुझी ३१ तारीख वाचून मी आमचं तपासलं. आमचा सर्व्हर वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणून रात्री एकचं बिल आपोआप ३१ लाच पडतं. तीन वर्षं मी समजत होतो माझी क्वेरी बरोबर आहे!

फेरीबोट_मांडवी
आणि पहाटे साडेपाचनंतर बिल फाडलं तर?

सोलकढी_डबल
तेव्हा कोण पितं रे.

मडगावची_अकाउंटवाली
हणजुणेच्या पार्टीवाल्यांना विचार.