मदत हवी आहे : हॅचमधला तो माणूस आत शिरला कधी? (पुढचं काही उघड करू नका)

अबोली_उभादांडा
काल रात्री नव्या सीझनचा पहिला भाग बघितला आणि झोप उडाली. शेवटी जॉनच्या डोक्याला बंदूक लावून उभा असतो तो माणूस आत शिरला कधी?

माझा तर्क असा. तो त्याच रात्री आला, दुसऱ्या दाराने. जॅकच्या जुन्या आठवणीत तो त्याला स्टेडियममध्ये भेटतो तेव्हा सांगतो की जगाला फेरी मारायच्या शर्यतीसाठी सराव चाललाय. जगाला फेरी म्हणजे होडीच. मागच्या सीझनच्या शेवटी तराफ्यावरून पोराला उचलून नेणारेसुद्धा होडीनेच आले होते. म्हणजे हा त्यांच्यातलाच. झाकण उडाल्याचा धमाका ऐकून आला, आधी केटला धरलं, मग जॉनला.

या एका भागात जेवढं दाखवलंय तेवढ्यावर हा तर्क टिकतो का, एवढंच सांगा. नेटवर शोधता येत नाही, नाव टाकलं की मालिकेचा शेवटच समोर येतो. रात्री दुसरा भाग लावणार आहे, त्याआधी उत्तर हवं.

मालवणी_मेवा
खंयच्या मालिकेबद्दल बोलतंस गो? नाव तरी सांग. माका 'रात्रीस खेळ चाले' वाटला. तेच्यात पयल्या सीझनात अण्णा मेलेले, आणि २०१९ च्या जानेवारीत दुसरो सीझन सुरू झालो तेव्हा जिते. म्हणजे काळ मागे गेलो. तुझा कोडा तसलाच असतला. वाडो आमच्या आकेरीतलो, शूटिंग चालू होता तेव्हा बघूक गर्दी व्हायची.

अबोली_उभादांडा
नाही हो. जॅक, केट, जॉन, हॅच, एवढं लिहिल्यावर कळायला हवं ना! लॉस्ट. विमान पडून बेटावर अडकलेल्या माणसांची इंग्रजी मालिका. हॅच म्हणजे त्यांना जंगलात सापडलेलं, जमिनीखालच्या बोगद्याचं झाकण.

सड्यावरचा
लॉस्टचे सहा सीझन आहेत, ताई. कुठल्या सीझनचा पहिला भाग? हॅच म्हणजे दुसऱ्याचा असणार, सप्टेंबर २००५ चा. आणि पहिला सीझन सगळा बघितलाय की थेट इथूनच सुरुवात?

अबोली_उभादांडा
दुसऱ्याचाच. पहिला सगळा बघितलाय, मधले भाग दोनदा.

तिठ्यावरचा_बाबू
हार्डडिस्कवर बघत असाल तर एक सांगतो. टीव्हीला डिस्क लागत नसेल तर ती एफएटी३२मध्ये फॉरमॅट करा, काही जुने टीव्ही एनटीएफएस किंवा एक्सफॅट वाचत नाहीत. आधी सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवा, फॉरमॅट केलं की आतलं पुसलं जातं. पावसात आमच्याकडे लाईट ये-जा करते, म्हणून मी टीव्हीला स्टॅबिलायझरही लावलाय.

डेकवरचा_तात्या
अबोली, तू होडीचं बरोबर पकडलंस. मी जहाजावर नोकरी केली म्हणून बोलतो. शिडाच्या होडीने जगाला फेरी मारायची तर मार्ग दक्षिणेचा धरतात : केप ऑफ गुड होप, ऑस्ट्रेलियाचं ल्यूविन, मग केप हॉर्न. तिथे पश्चिमेचा वारा पाठीशी मिळतो. आपल्या नौदलाचे दिलीप दोंदे २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने फेरी मारून आले. मग अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता. २०१८ च्या शर्यतीत वादळात टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, डोलकाठी मोडली, भर समुद्रातून सोडवून आणावं लागलं. तरी २०२२ च्या शर्यतीत परत उतरले आणि दुसरे आले. 'म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवायला हवं.

खाडीकाठ
तात्या, विषय कुठे, आपण कुठे! तिने विचारलंय तो माणूस आत कधी शिरला.

डेकवरचा_तात्या
विषयातच आहे. विमान सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेलं. रेडिओ बंद पडल्यावर वैमानिकाने फिजीकडे वळवलं आणि ते हजार मैल भरकटलं, हे पहिल्याच भागात तो स्वतः सांगतो. दक्षिणेच्या मार्गावरचा माणूस तिकडे पोचायचा तर त्याचाही मार्ग चुकलेला असणार. आणि मार्ग चुकायचं कारण याच भागात दाखवलंय. जॅक बोगद्यातून जाताना गळ्यातली चावी भिंतीकडे ओढली जाते, ते बघितलंस का?

अबोली_उभादांडा
बघितलं! दोरी आडवी ताणली जाते. तेवढ्यासाठी मागे घेऊन परत बघितलं.

डेकवरचा_तात्या
मग त्यावर विचार कर. ती बंदुकांच्या पेटीची चावी. पितळेची असती तर हललीसुद्धा नसती. चुंबक लोखंड, निकेल, कोबाल्ट यांना ओढतं, पितळ-तांब्याला नाही. म्हणजे चावी पोलादी आणि भिंतीमागे जबरदस्त ताकद. मागच्या सीझनमध्ये सईदने जॉनचं होकायंत्र तपासलं तेव्हा उत्तर दिशा चुकीची निघाली होती, आठवतं? जहाजाच्या पोलादामुळे सुई किती हटते त्याचं डेव्हिएशन कार्ड आम्ही ब्रिजवर लावून ठेवतो. त्या बेटाचं कार्ड कोणाकडेच नाही.

शिरोडा_तिठा
तात्या, रेडीला एवढ्या लोखंडाच्या खाणी आहेत. जन्म गेला तिथे, कोणाच्या गळ्यातली चावी भिंतीला चिकटलेली बघितली नाही. मालिकावाले काहीही दाखवतात.

डेकवरचा_तात्या
लोहखनिज सगळं सारखं नसतं. हेमॅटाइट चुंबकाला जेमतेम दाद देतं, मॅग्नेटाइट चांगलं ओढलं जातं. पण नुसता खडक चावी अशी आडवी करणार नाही. माझं म्हणणं, आत विजेवर चालणारं काहीतरी आहे, माणसाने बांधलेलं.

किनारा_३६५
एवढा विचार कशाला करताय? ते सगळे विमान पडलं तेव्हाच मेले. बेट म्हणजे मधला मुक्काम. शेवटच्या सीझनमध्ये तर (यापुढचा मजकूर काढला आहे. धाग्याच्या शीर्षकात स्पष्ट विनंती आहे. – संचालक)

खाडीकाठ
किनारा, तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच लिहिता. मालिका करणाऱ्यांनी स्वतः हे कितीदा तरी नाकारलंय. आणि ती पहिल्यांदा बघतेय, तिला तिच्या चालीने बघू द्या. माझ्यावेळी एकाने शेवट सांगून टाकला होता, तो राग अजून गेलेला नाही.

सड्यावरचा
मूळ प्रश्नाकडे येतो. ताई, तुमचा तर्क या भागाच्या पहिल्या प्रसंगातच पडतो. तो माणूस तिथे राहत असतो, हे उघड दाखवलंय. तुम्ही 'त्याच रात्री आला' कशावरून म्हणता ते मला समजत नाहीये.

अबोली_उभादांडा
राहत असतो? कुठे दाखवलंय? पहिला प्रसंग म्हणजे जॅक आणि जॉन वरून खाली वाकून बघतायत, शिडी तुटलेली आहे, तोच ना?

सड्यावरचा
तुमची फाईल किती मिनिटांची आहे?

अबोली_उभादांडा
३८. मामाने बोटीवरून आणलेल्या डिस्कवर आहे. त्याचं काय?

सड्यावरचा
मग सुरुवातीची काही मिनिटं कापली गेलीत. बाकीचे भाग चाळीसच्या वर असतील, बघा. आणि नेमकी कापायला नको होती तीच गेली.

खाडीकाठ
सांगू नका! तो प्रसंग कोणाच्या तोंडून ऐकायचा नसतो.

सड्यावरचा
तिने मदत मागितलीय आणि रात्री पुढचा भाग लावणार आहे. तसंच बघितलं तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर बघेल. ताई, तुम्हीच ठरवा. सांगू?

अबोली_उभादांडा
सांगा. थोडक्यात नको, दिसतं तसं सांगा.

सड्यावरचा
अंधारात पीं-पीं वाजतं. दोन मजली खाटेवरून एक माणूस उठतो, चेहरा दिसत नाही. जुना संगणक, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. काहीतरी टाइप करतो, एक बटण दाबतो, आवाज थांबतो. मग तबकडीवर सुई ठेवतो आणि एक जुनं, आनंदी गाणं सुरू होतं. भांडी धुतो, सायकल मारतो, मिक्सरमध्ये काहीतरी ढवळून पितो, पिस्तुलासारख्या यंत्राने दंडात इंजेक्शन घेतो. आपल्याला वाटतं, विमानातल्याच कोणाचा तरी जुना काळ दाखवतायत, शहरातलं घर असेल.

आणि मग धाड! छतावरून धूळ पडते, तबकडीवरची सुई उडते. तो धावतो, बंदूक उचलतो, दिवे घालवतो, एका नळीत डोळा लावतो. कॅमेरा त्या नळीतून आरशावरून आरशावर उड्या घेत जातो, वर, वर, वर, आणि बोगद्याच्या तोंडाशी मशाली घेतलेले दोन चेहरे : जॅक आणि जॉन. तो धमाका म्हणजे त्यांनीच उडवलेलं झाकण.

मी आजवर कुठल्याही मालिकेची याहून चांगली सुरुवात बघितलेली नाही.

खाडीकाठ
इंजेक्शनची बाटली राहिली. तिच्या लेबलावर पहिल्या सीझनमधले तेच आकडे आहेत : ४, ८, १५, १६, २३, ४२. बेरीज १०८. आणि खालच्या भिंतीवर रंगवलेल्या चित्रातही १०८ आहे, तिथे थांबवून बघ.

शिरोडा_तिठा
१०८ म्हणजे जपमाळेचे मणी. हे तिकडच्या लोकांना कुठून माहीत? आपल्याकडचा कोणीतरी लिहिणाऱ्यांत असणार.

खाडीकाठ
लिहिणाऱ्यांत डेमन लिंडेलॉफ आहेत. आपल्याकडचा आकडा जगभर माहीत आहे हो.

मालवणी_मेवा
अबोली, माझ्या भाच्याकडे दुसऱ्या सीझनाच्या डीव्हीडी आसत. तो आज कुडाळसून वेंगुर्ल्याक येता. एसटी स्टँडावर देऊक सांगू? सुरुवात आपल्या डोळ्यान बघ आणि मगे दुसरो भाग लाव.

अबोली_उभादांडा
चालेल! पाचनंतर तिथेच असते. दुसरा भाग तोवर लावत नाही.

अबोली_उभादांडा
बघितलं. काका, भाच्याला खूप खूप धन्यवाद सांगा. सड्यावरचे दादा, तुम्ही वर्णन केलंत तरी त्या आरशांच्या जागी माझ्या अंगावर काटा आला.

माझा तर्क बदलला. तो तिथे खूप दिवसांपासून आहे. एकटाच आहे, पण खाट दोघांची, म्हणजे आधी दुसरं कोणीतरी होतं. तात्यांची चावी आणि ते बटण यांचा संबंध आहे : बटण दाबून तो भिंतीमागची ताकद आवरून धरतो. होडीचं मी सोडत नाही. तो होडीनेच आला, फक्त माझ्या समजुतीपेक्षा फार आधी.

आता नवा प्रश्न. झाकणावर आतल्या बाजूने 'क्वारंटाईन' लिहिलंय. म्हणजे इशारा आतल्या माणसाला आहे : बाहेर रोग आहे, जाऊ नकोस. म्हणूनच तो इंजेक्शन घेतो. पण बाहेर ही एवढी माणसं चाळीसेक दिवस उघड्यावर राहतायत, ओढ्याचं पाणी पितात, रानडुक्कर मारून खातात, आणि असा कुठला रोग त्यांना झालेला नाही. मग रोग खरंच आहे, की त्या माणसाला कोणीतरी खोटं सांगून आत बसवलंय?

सड्यावरचा
यावर मी एक अक्षर लिहिणार नाही.

डेकवरचा_तात्या
मीही नाही. चांगली चाललीयेस पण.

किनारा_३६५
मी सांगू शकतो, पण

खाडीकाठ
संचालक, लक्ष ठेवा.

मालवणी_मेवा
अबोली, दुसरो सीझन बघून झालो काय डीव्हीडी भाच्याक देव नको, माका दी. आणि पयल्या सीझनाची कोणाकडे आसा काय? माका सुरुवातीपासून बघूचा आसा.