रिव्हाइव्ह केलेली पॉलिसी, बीपीचं कारण देऊन क्लेम नाकारला. तीन वर्षं कुठून मोजायची?

मीनल_के: बाबांची आयुर्विमा पॉलिसी 2014 ची. 2019 मध्ये हप्ते थकून ती लॅप्स झाली, म्हणजे बंद पडली. मार्च 2022 मध्ये व्याजासकट थकबाकी भरून रिव्हाइव्ह, म्हणजे पुन्हा चालू केली. डिसेंबर 2024 मध्ये बाबा हार्ट अटॅकने गेले. आई नॉमिनी आहे. जून 2025 मध्ये कंपनीचं पत्र आलं: रिव्हायव्हलच्या फॉर्ममध्ये बीपीची गोळी चालू असल्याचं लपवलं, सबब दावा अमान्य. फॉर्म एजंटने भरला, बाबांनी फक्त सही केली. एजंट म्हणतो, पॉलिसी जुनी आहे, तीन वर्षांनंतर आक्षेप घेता येत नाही या नियमामुळे कंपनी काही करू शकत नाही. शाखेत सांगतात, तीन वर्षं रिव्हायव्हलपासून धरतात. खरं कोणाचं?

क्लेम_विभाग_निवृत्त: शाखेचं. विमा कायदा 1938, कलम 45, 2015 च्या दुरुस्तीनंतरचं वाचा. पॉलिसी दिली, जोखीम सुरू झाली, रिव्हायव्हल झालं, रायडर (पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घेतला, यांतली सगळ्यांत उशिराची तारीख धरायची. मोजणी मार्च 2022 पासून.

पण ताई, हाच हिशेब पुढे न्या! तीन वर्षं मार्च 2025 मध्ये भरली आणि पत्र आहे जूनचं. मुदत उलटल्यावर कोणत्याही कारणावरून पॉलिसीवर आक्षेप घेता येत नाही, असं कलम म्हणतं. ती मुदत मृत्यूच्या तारखेशी बांधलेली नाही. आक्षेप कधी घेतला ते बघायचं. पत्राचं पाकीट पोस्टाच्या शिक्क्यासकट जपून ठेवा. मार्चआधी कंपनीने काही लेखी कळवलं होतं का?

मीनल_के: फेब्रुवारीत दवाखान्याचे कागद मागितले होते. बाकी काही नाही.

अ‍ॅड_सविता: कागद मागणं वेगळं आणि कारणं, पुरावे देऊन पॉलिसी अमान्य करणं वेगळं. कंपनी उलट बाजू मांडेल, तरी तुमचा पहिला मुद्दा हाच ठेवा. एजंटने फॉर्म भरला यावर भिस्त ठेवू नका, सही बाबांची आहे. मणक्याचं दुखणं लपवलं पण मृत्यू हृदयविकाराने झाला, अशा प्रकरणात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लेम द्यायला लावला होता. तुमच्याकडे बीपी आणि हार्ट अटॅक, त्यामुळे तो निकाल फारसा कामाचा नाही.

पर्यायी मागणीही त्याच अर्जात लिहा. रिव्हायव्हल रद्द धरलं तरी 2019 पर्यंतच्या हप्त्यांवरची पेड-अप रक्कम (भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी झालेली विमा रक्कम) द्या म्हणावं. शिवाय फसवणूक सिद्ध न होता केवळ माहिती दडवल्याचं कारण असेल, तर भरलेले हप्ते 90 दिवसांत परत करणं कलम 45 नेच बंधनकारक आहे.

क्लेम_विभाग_निवृत्त: आधी कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निवाडा देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. फी नाही, वकील लागत नाही, 50 लाखांपर्यंतचा निवाडा देता येतो. मुदत एक वर्षाची. ग्राहक आयोगात मात्र आत्ताच केस टाकू नका, ती चालू असेल तर लोकपाल तक्रार घेत नाहीत. अर्जावर नॉमिनी म्हणून सही आईंची हवी.