मुलं १९ आणि २२ ची, चौघांनी मिळून क्रूझ – कुठली घ्यावी?

सागरगोटी:
नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या. आम्ही चौघं, मी, नवरा, लेक २२ ची आणि मुलगा १९ चा. लेक लवकरच नोकरीला लागेल, मुलगा कॉलेजात, म्हणजे यापुढे चौघांच्या सुट्ट्या जुळणं हा कपिलाषष्ठीचा योग, तर त्याआधी एकदा सात-आठ दिवस एकत्र जाऊन येऊ असं डोक्यात आलं आणि क्रूझ बरी वाटली कारण बॅग एकदाच उघडायची, रोज हॉटेल बदलायची कटकट नाही. १२ वर्षांपूर्वी एक केली होती तेव्हा सोप्पं होतं, पोरं किड्स क्लबात सोडली की आम्ही मोकळे. आता सोडायचं कोणाला, दोघं माझ्यापेक्षा उंच झालेत.

अडचण अशी की चार डोकी चार दिशांना. नवऱ्याला खुर्ची, पुस्तक आणि समोर पाणी एवढं बास. मला बंदरात उतरून तंगड्या मोडेपर्यंत चालायचं असतं. लेकीला जुनी गावं, किल्ले, रात्रीचं शहर. आणि चिरंजीव म्हणतात, "तिथे एकतर आजी-आजोबा असतात नाहीतर डायपरवाली पोरं, मी काय करू?" मोठी बोट घ्यावी का छोटी, चौघांत एक केबिन का दोन, आणि कुठला भाग? अनुभव असलेल्यांनी लिहा प्लीज. एजंट लोकांनी व्यनि (खाजगी निरोप) करू नये.

डेकवरची:
बोट नंतर बघा, आधी मुलाचं वय बघा. १९ हे क्रूझवर फार अवघड वय आहे. टीन क्लब बहुतेक ठिकाणी १७ ला संपतो आणि अमेरिकेतून सुटणाऱ्या बोटींवर दारूचं वय २१, म्हणजे १८ ते २० वाले पार त्रिशंकू. आणि प्रश्न फक्त दारूचा नसतो हो, कॅसिनो, नाइटक्लब, एकट्याने केबिन घेणं, प्रत्येकाला वेगळा आकडा आणि तो कंपनीगणिक बदलतो. मजा म्हणजे तीच कंपनी दुसऱ्या खंडातून निघाली की नियमही दुसरा, रॉयल कॅरिबियनचं दारूचं वय अमेरिकेतून सुटताना २१ आणि युरोपातून सुटताना १८. डिस्नेच्या बोटींवर या मधल्या वयासाठी '१८२० सोसायटी' म्हणून वेगळे कार्यक्रम ठेवतात, पण असं सगळीकडे नसतं, त्यामुळे बुकिंगच्या आधी त्या त्या सेलिंगचे (म्हणजे त्या फेरीचे) वयाचे नियम उघडून वाचाच, माहितीपत्रकातले हसरे चेहरे बघून ठरवू नका.

दुसरं, केबिन दोन. यावर चर्चाच नको. चार जणांच्या केबिनमध्ये दोन पलंग छतातून किंवा भिंतीतून खाली येतात, लहान असताना पोरांना त्याची गंमत वाटते, सहा फुटी मुलाला नाही, आणि बाथरूम एकच. २१ च्या आतल्यांना बऱ्याच कंपन्या मोठ्या माणसाशिवाय केबिन देत नाहीत पण तुमची लेक २२ ची आहे हे तुमचं नशीब, बहीण-भाऊ एका केबिनमध्ये कागदोपत्री बसून जातात. याचा अजून एक फायदा, ड्रिंक पॅकेज (पेयांचे ठरलेले पैसे आधीच भरायची सोय) एकाने घेतलं की त्याच केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या सगळ्यांनी घ्यायचं असा बऱ्याच कंपन्यांचा नियम असतो. दोन केबिन असल्या की तुमचं तुमच्याकडे, त्यांचं त्यांच्याकडे.

तिसरं, बोटीवर कोण लोक असणार हे बोटीपेक्षा तारखेवर ठरतं. शाळांच्या सुट्टीत गेलात तर घसरगुंडीला लहान पोरांची रांग. शाळा चालू असताना गेलात तर सरासरी वय एकदम चढतं, आणि १०-१२ दिवसांच्या वर गेलात तर निवृत्त मंडळीच जास्त. ७ दिवसांची, सुट्टी नुकतीच लागताना किंवा संपताना, हे मला सगळ्यात जमलेलं गणित. नाहीतर व्हर्जिन व्हॉयेजेस ही कंपनी आहेच, तिथे १८ च्या खाली प्रवेशच नाही, पण वातावरण बरंच पार्टीचं असतं, तुमच्या यजमानांच्या पुस्तकाचं काय होईल ते सांगता येत नाही :)

हौशी खलाशी:
मोठी बोट घ्या बिनधास्त. लोक नाकं मुरडतात पण चार डोकी चार दिशांना असतील तर त्यावर औषधच ते आहे. आयकॉन ऑफ द सीज २०२४ ला आली, २० डेक, पूर्ण भरली तर ७ हजारांवर प्रवासी, म्हणजे गावच एक. मुलगा सर्फिंगच्या मशीनवर, लेक शोला, नवरा खुर्चीत, तुम्ही चालायच्या ट्रॅकवर, आणि जेवायला एकत्र. फक्त शोचं आरक्षण निघायच्या आधीच ॲपवर करा, चढल्यावर करू म्हणाल तर बसा मग तोंड बघत.

तटस्थ:
एवढा खटाटोप करण्यापेक्षा एखाद्या किनाऱ्यावर घर भाड्याने घ्या आठवडाभर. समुद्र तोच, गर्दी नाही.

डेकवरची:
@तटस्थ, आणि स्वयंपाक, भांडी कोण करणार? पुढच्या धाग्यात भेटू.

मीठपाणी:
भागाबद्दल लिहिते. लेकीला जुनी गावं हवीत तर भूमध्य समुद्र, पण यात एक मेख आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' लिहितात तेव्हा बोट चिविटावेकियाला लागते, तिथून रोम ट्रेनने तासाभराच्या आसपास. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथूनही तेवढंच किंवा जास्त. आणि 'व्हेनिस' म्हणाल तर ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना सान मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळे 'व्हेनिस' लिहिलेल्या बऱ्याच बोटी प्रत्यक्षात रावेन्ना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. मी हे न वाचता बुक केलं होतं, डेकवरून व्हेनिस बघायचं स्वप्न बसमध्ये बसून पाहिलं. म्हणून शहराचं नाव वाचू नका, बंदराचं वाचा, आणि त्याच्यापुढचे तास वाचा. सकाळी ८ ते ५ म्हणजे हातात खरे जेमतेम आठ तास, कारण निघायच्या अर्धा-एक तास आधी परत चढावं लागतं आणि स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. कॉलेजवयीन मुलांना सकाळी ८ ला उठवून संध्याकाळी ५ ला परत आणायचं ही सहल नाही, हजेरी आहे. निदान एका ठिकाणी रात्रीचा मुक्काम असलेली घ्या, म्हणजे त्यांना रात्रीचं शहर मिळेल.

सँटोरिनी असेल तर अजून एक, तिथे मोठी बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी नेतात आणि वर फिरा नावाच्या गावात जायला केबल कार नाहीतर सहाएकशे पायऱ्या. एकाच वेळी तीन-चार बोटी आल्या की केबल कारच्या रांगेतच दुपार जाते. तुमच्यासारखीने पायऱ्याच उतराव्यात, चालायची हौसही फिटेल.

आणि व्हिसा! शेंगेनमधून (एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) निघून मध्येच टर्की किंवा माँटेनेग्रोतलं कोटोर असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत आत येता, व्हिसा लागणाऱ्या पासपोर्टवाल्यांनी मल्टिपल एंट्रीच घ्यायचा. क्रोएशिया जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, ते एक सोपं झालं.

बर्फाळ:
अलास्का कोणीच कसं सुचवलं नाही? मी दोन मुलांना (तेव्हा १८ आणि २१) घेऊन गेलो होतो, जाताना दोघांचे चेहरे एवढेसे, की तिथे काय करायचं, नाइटलाइफ नाही वगैरे. तिसऱ्या दिवशी कयाकमधून सील बघितला आणि मग पोरं फोन खाली ठेवून डेकवर थंडीत कुडकुडत उभी. ग्लेशियर बे (हिमनद्यांची खाडी) असलेली सेलिंग निवडा, तिथे दिवसाला दोनच मोठ्या बोटी सोडतात. राजधानी जूनोला बाहेरून रस्त्याने जाता येत नाही, बोट किंवा विमानच, हे ऐकून माझा धाकटा एकदम खूष झाला होता, का ते विचारू नका. बोटीवर सरासरी वय जास्त असतं हे मात्र मान्य. बोट व्हँकुव्हरहून असेल तर कॅनडा आणि अमेरिका दोन्हीकडची कागदपत्रं लागतात. सीझन साधारण मे ते सप्टेंबर. आणि बाल्कनी घ्याच, नवऱ्याचा प्रश्न तिथेच सुटतो.

अर्धवटराव:
केबिनबद्दल माझी फजिती सांगतो. स्वस्त पडते म्हणून 'गॅरंटी' केबिन घेतली, म्हणजे प्रकार तेवढा आपण ठरवायचा आणि नंबर कंपनी देणार. आम्हाला दिली पुढच्या टोकाला, मुलींना मागच्या टोकाला चार डेक वर. सकाळी त्यांना उठवायला जाणं हाच माझा मॉर्निंग वॉक. त्यात पुढच्या टोकाला बोट जास्त हलते, बायको दोन दिवस आडवी. मळमळीचा त्रास असणाऱ्यांनी मधली आणि खालच्या डेकवरची केबिन घ्यावी आणि नंबर स्वतः निवडावा.

आणि मुलांच्या कार्डाला खर्चाची मर्यादा घालून घ्या रिसेप्शनला. बोटीवर सगळं त्या कार्डावर टॅप होतं, खरे पैसे हातातून जात नाहीत त्यामुळे जाणवतच नाही. शेवटच्या सकाळी दाराखालून बिल सरकवतात. तेव्हा मला नव्याने बोट लागली.

निळीशाई:
काकू, मी २१ ची आहे आणि गेल्या वर्षी आईबाबा आणि भावाबरोबर गेले होते, तर 'मुलांच्या' बाजूने लिहिते. दोन केबिन ला +१००. आमची केबिन खिडकी नसलेली होती, काहीही बिघडलं नाही, झोपायलाच तर जायचं असतं आणि अंधारात दुपारी १२ पर्यंत झोप येते. बाल्कनीचे पैसे तुमच्यावर खर्च करा.

पहिल्या-दुसऱ्या संध्याकाळी १८ ते तीसेक वयाच्या लोकांची एक भेट ठेवलेली असते, रोजच्या कार्यक्रमात छोट्या अक्षरात लिहिलेली, त्या भेटीला तुमच्या मुलाला ढकलून पाठवा. ती चुकली की मग सगळ्यांचे ग्रुप होऊन गेलेले असतात आणि तुम्ही आठवडाभर आईबरोबर पत्ते खेळता. (मी खेळले. आई चीटिंग करते.)

आमचा ठरलेला एकच नियम होता, रात्रीचं जेवण चौघांनी एकत्र, बाकी दिवस ज्याचा त्याचा. पहिल्या दिवशी आईचे दर अर्ध्या तासाने 'कुठे आहेस' मेसेज यायचे. काकू, बोट आहे ती, कुठे जाणार आम्ही? तिसऱ्या दिवसापासून ते थांबले आणि मग गंमत म्हणजे आम्हीच तिला शोधत जायला लागलो. मेसेजसाठी बोटीच्या ॲपमध्ये चॅट असतं, काही ठिकाणी फुकट, काही ठिकाणी वेगळे पैसे. फोन मात्र एअरप्लेन मोडवर टाकूनच चढा, समुद्रात बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं, ते पकडलं की रोमिंगचं बिल बघून बाबांसारखा आवाज बसतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा धागा काढायच्या आधी त्या दोघांना विचारलंत का?

सागरगोटी:
@निळीशाई, अगं खरं सांगू का, नाही विचारलं. सरप्राइज द्यायचं म्हणून. आज रात्री विचारते.

मचवा:
मोठ्या बोटींचं पुराण चाललंय म्हणून वेगळं सुचवतो. क्रोएशियात स्प्लिट ते दुब्रोव्हनिक अशा छोट्या बोटी असतात, ३०-४० प्रवाशांच्या. दिवसा दोन-तीन तास चालतात, दुपारी एखाद्या खाडीत नांगर टाकून लोक बोटीवरूनच पाण्यात उड्या मारतात, आणि संध्याकाळी ह्वार, कोर्चुला अशा गावाच्या धक्क्याला लागून रात्रभर तिथेच. म्हणजे लेकीचं रात्रीचं गाव रोज, मुलाला पोहणं रोज, तुम्हाला गल्ल्या. रात्रीचं जेवण बरेचदा गावात आपलं आपण करायचं असतं. वाईट बाजूही सांगतो, केबिन लहान, लिफ्ट नाही, डॉक्टर नाही, शो वगैरे काही नाही आणि ३५ लोकांत एक जरी बडबड्या निघाला तरी सुटका नाही. काही बोटी फक्त तरुणांच्या ग्रुपसाठी असतात, काहींवर सगळे साठीच्या पुढचे, तेव्हा त्या आठवड्याला कोण कोण बुक झालंय ते कंपनीला सरळ विचारायचं, वयोगट सांगतात.

डेकवरची:
मचवा, हे मी सुचवायला हवं होतं. अनुमोदन. फक्त पोहता येत नसेल कोणाला तर निम्मी मजा गेली.

सागरगोटी:
विचारलं! आणि काय सांगू, माझे सगळे अंदाज चुकले. मला वाटलं मुलगा सर्फिंगच्या मशीनवर उडी मारेल, तर म्हणतो सात हजार लोकांत मला रांगेत उभं राहायचं नाहीये, मला पाण्यात उतरायचंय. लेक म्हणाली ८ ते ५ मध्ये गाव बघण्यापेक्षा न गेलेलं बरं. अलास्काचे फोटो दाखवले तर दोघं गप्प झाली, ते पुढच्या खेपेला असं ठरलं (पुढची खेप कधी ते कोणी बोललं नाही). नवरा म्हणतो खुर्ची असली की झालं, छोट्या बोटीवरही खुर्ची असेलच ना.

तर मचवा यांची छोटी बोट. त्या आठवड्याला दोन अजून कुटुंबं आहेत, त्यांची मुलं विशीतली, हे विचारून घेतलं. पोहता चौघांनाही येतं, नवऱ्याला तरंगण्यापुरतं. दोन केबिन, शेजारी-शेजारी नको असं मुलांचं एकमताने म्हणणं पडलं, त्यांना वरचा डेक आणि आम्हाला खालचा, इंजिनाजवळचा. का म्हणून विचारलं तर चिरंजीव म्हणे, "इंजिनाच्या आवाजात बाबांचं घोरणं कोणाला ऐकू येणार नाही."

मचवा:
ताई, रात्री बोट धक्क्याला बांधलेली असते. इंजिन बंद असतं.