मदत हवी आहे : मुलीला १६ पूर्ण झाली, तरी वय कमी म्हणून खातं बंद (ऑस्ट्रेलिया)

नमस्कार मंडळी,

आम्ही मेलबर्नला असतो. १० डिसेंबर २०२५ पासून इथे १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब वगैरेंवर खातं ठेवता येत नाही. माझ्या लेकीला जानेवारीत १६ पूर्ण झाली, म्हणजे तिला ही बंदी लागूच होत नाही. तरी एका ॲपने तिचं खातं बंद केलंय.

झालं असं की ॲपने वय तपासायला सेल्फी व्हिडिओ मागितला. मान डावीकडे, मान उजवीकडे, सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. लगेच उत्तर आलं, वय १६ पेक्षा कमी वाटतं. लेक चणीने लहानखुरी आहे, पण म्हणून काय झालं? परत केलं तरी तेच. आता पासपोर्टचा फोटो चढवा म्हणतात. तो द्यायला नवरा अजिबात तयार नाही आणि मलाही धास्ती वाटते. एकदा गेलेला पासपोर्टचा फोटो परत थोडाच घेता येतो!

त्या खात्यावर तिच्या सगळ्या रांगोळ्या आहेत. बाल्कनीच्या फरशीवर काढलेल्या, १५ ते ८ ठिपक्यांच्या, कडेला बोटाने ओढलेल्या वेली. सांगलीहून सासूबाई प्रत्येक फोटोखाली लिहायच्या, "हळदीकुंकू वाहिलंस का गं?" पोरगी रडवेली झाली आहे.

मी वाचलं त्यानुसार कायद्यात स्पष्ट आहे की सरकारी ओळखपत्र हा एकमेव पर्याय ठेवता येत नाही, दुसरा वाजवी मार्ग द्यावाच लागतो. वय तपासायला घेतलेली माहिती काम झाल्यावर नष्टही करायची असते. दंड कंपनीला, ४ कोटी ९५ लाख डॉलरपर्यंत. मुलांना किंवा पालकांना शिक्षा नाही. मग दुसरा मार्ग आम्हाला दिसत का नाही?

माझे प्रश्न :

पासपोर्ट न देता कुणाचं खातं परत मिळालं आहे का? कोणता पर्याय निवडलात आणि तो ॲपमध्ये नेमका कुठे सापडला?

ॲपवाल्यांनी दाद दिली नाही तर ई-सेफ्टी आयुक्तांकडे (इथलं ऑनलाइन सुरक्षेचं सरकारी कार्यालय) जायचं, की गोपनीयतेचा मुद्दा म्हणून माहिती आयुक्तांच्या कार्यालयाकडे (ओएआयसी)? कुणी प्रत्यक्ष तक्रार केली असेल तर अनुभव सांगा.

खातं बंद असताना जुने फोटो उतरवून घेता येतात का? आमच्याकडे सगळ्यांची प्रत नाही.

धाकटा १३ वर्षांचा आहे, यूट्यूबवर तबल्याचे धडे बघतो. लॉगिन न करता बघता येतं, पण खात्याला आम्ही लावलेली पालकांची बंधनं त्यात राहत नाहीत. तुम्ही काय करता?

लहान मुलांना जपायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात मुलांचा खासगीपणा आणि मत मांडण्याचा हक्क दोन्ही आहेत, आणि ऑस्ट्रेलियाने तो मान्य केलेला आहे. दोन १५ वर्षांची मुलं या कायद्याविरुद्ध हायकोर्टात (इथलं ते सर्वोच्च न्यायालय) गेली, ते मला पटलं. भारतातल्या २०२३ च्या डेटा कायद्यात १८ खालच्यांसाठी निदान पालकांची संमती चालते. इथे आईबाप हो म्हणाले तरी उपयोग नाही.

व्हीपीएन (आपण दुसऱ्या देशात आहोत असं भासवणारी सोय) लाव किंवा दुसऱ्याच्या नावाने खातं काढ, असं कृपया सुचवू नका. ती १६ वर्षांची आहे, तिला तिच्याच नावाने तिथे असायचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या कुणाला या तपासणीचा अनुभव असेल तर कोणत्या महिन्यात झाली तेही लिहा.