मदत हवी: वायक्यूने यामल फाईलमधल्या सगळ्या कॉमेंट्स खाल्ल्या (सर्व्हरवर खातो, लॅपटॉपवर नाही)

कपाट_क्रमांक_सात
मंडळी, दोन दिवस डोकं खाजवतोय.

आमच्या गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही मी एका यामल फाईलमध्ये (साध्या मजकुरात माहिती नीट मांडून ठेवायची पद्धत) उतरवली आहे. साधारण ३४०० पुस्तकं. दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकार, कपाट. डेटाबेस का नाही असं विचाराल, तर ग्रंथपाल काकूंना ही फाईल उघडून सरळ लिहिता येतं म्हणून. आणि त्या लिहितातही. हॅश टाकून पुढे मनाला येईल ते: ‘बाईंडिंगला दिलंय’, ‘पान ४० ते ५६ नाहीत’, ‘देणगीतलं आहे, रद्दीत घालू नये’. ही माहिती दुसरीकडे कुठेच नाही.

परवा नाटकं सातव्या कपाटातून अकराव्यात हलवली. चारशे नोंदी हाताने कोण बदलणार? वायक्यू, म्हणजे यामल फाईल कमांडने वाचायचं-बदलायचं टूल, त्याची एक ओळ लिहिली: प्रकार नाटक असेल ती नोंद निवड, कपाट ११ कर, आणि डॅश-आयने त्याच फाईलमध्ये साठव. मॅक लॅपटॉपवर एका प्रतीवर चालवून बघितली, उत्तम. उबंटू २४.०४च्या सर्व्हरवर तीच ओळ दिली तर म्हणे डॅश-आय हवं असेल तर डॅश-वायही द्या. दिलं. कपाट बदललं, पण काकूंची एकही कॉमेंट उरली नाही. अवतरणचिन्हंही उडाली.

तेच टूल, तीच ओळ, मग असं का? आणि कॉमेंट्स परत मिळतील का?

टर्मिनलवाला
तेच टूल नाहीये ते. वायक्यू नावाची दोन वेगवेगळी टूल्स आहेत. एक माइक फराह यांचं, गो भाषेतलं. मॅकवर ब्रूने (सॉफ्टवेअर बसवायची आज्ञा) तेच येतं. दुसरं आंद्रेय किस्ल्युक यांचं, पायथनमधलं. उबंटूवर एपीटीने (तिथली तशीच आज्ञा) वायक्यू मागितलं की हे येतं. डॅश-वायची मागणी वाचली तेव्हाच ओळखलं.

पायथनवालं स्वतः फारसं काही करत नाही. यामलचं जेसन (माहिती मांडायची दुसरी पद्धत) करतं, ते जेक्यूला (जेसन बदलणारं टूल) देतं, जेक्यूने दिलेलं पुन्हा यामल करून लिहितं. जेसनमध्ये कॉमेंट नावाची गोष्टच नसते, त्यामुळे काकूंच्या कॉमेंट्स त्या पुलावरच पडल्या. डॅश-वायऐवजी मोठा वाय दिलास तर अवतरणचिन्हं वाचतात, कॉमेंट्स नाही. तुझी ओळ दोन्हीकडे चालली कारण गोवाल्याने लिहिण्याची पद्धत जेक्यूवरूनच घेतली आहे. नेमकं त्यामुळेच फसायला होतं.

दोन्ही मशीनवर वायक्यू डॅश-डॅश व्हर्जन देऊन बघ. गोवालं गिटहबचा पत्ता आणि ४ने सुरू होणारी आवृत्ती सांगेल, पायथनवालं नुसतं ३ पॉइंट काहीतरी.

रिकामा_स्लॅश
बॅकअप नाही का? गिट (फाईलच्या जुन्या आवृत्त्या जपणारं टूल) इनिट करायला दहा सेकंद लागतात हो.

कपाट_क्रमांक_सात
@टर्मिनलवाला, अगदी तसंच निघालं. मॅकवर ४, सर्व्हरवर ३. 🤦

@रिकामा_स्लॅश, बोला, आज ऐकून घेतो. मॅकवर पंधरा दिवसांपूर्वीची मूळ प्रत आहे, कॉमेंट्ससकट. पण त्यानंतर काकूंनी ४३ पुस्तकं चढवली, ती फक्त सर्व्हरवर. दोन फाइली वायक्यूनेच जोडता येतील ना?

टर्मिनलवाला
येतील, पण कशाला? नवीन नोंदी फाईलच्या शेवटीच असणार. जुनी प्रत घे, मॅकवर ओळ चालव, सर्व्हरवरच्या शेवटच्या ४३ नोंदी कापून खाली चिकटव. त्या ४३वरच्या कॉमेंट्स मात्र गेल्या, त्या काकूंनाच विचाराव्या लागतील. नंतर सर्व्हरवरचं पायथनवालं काढ, गोवाल्याची एकच फाईल असते ती उतरवून यूझर-लोकल-बिन फोल्डरमध्ये ठेव.

आणि डॅश-आयच्या आधी नेहमी डॅश-आयशिवाय चालवून डिफ (आधीच्या-नंतरच्या मजकुरातला फरक) बघ. गोवालंही शंभर टक्के सोवळं नाही: रिकाम्या ओळी खातं, एखादी कॉमेंट शेजारच्या घरात नेऊन ठेवतं.

कपाट_क्रमांक_सात
झालं! कॉमेंट्स आल्या. रिकाम्या ओळी गेल्या, त्या गेल्या तर गेल्या. गिटही सुरू केलं.

जाता जाता एक. दाखल क्रमांकाने सॉर्ट केलं तर साठेक पुस्तकं सगळ्यांच्या शेवटी जाऊन बसतात, आणि त्यांच्यातही १० आधी, ९ नंतर. सीएसव्ही करून एक्सेलमध्ये उघडली तर मराठीचा चिवडा, तो वेगळाच.

अंकलिपी
त्या साठ नोंदींत काकूंनी क्रमांक देवनागरी अंकांत लिहिलेत का बघा. यामलला ते आकडे वाटतच नाहीत, मजकूर वाटतो. सॉर्टमध्ये आकडे आधी, मजकूर नंतर, आणि मजकूर अक्षरागणिक लावला जातो, म्हणून १० हा ९च्या आधी. सेड या मजकूर बदलणाऱ्या टूलच्या वाय आज्ञेने दहाही अंक एका फटक्यात बदलता येतात. पण ती फक्त दाखल क्रमांकाच्या ओळींपुरती चालवा, नाहीतर शीर्षकांतले आणि कॉमेंट्समधले अंकही बदलतील.

एक्सेलमध्ये फाईलवर डबल क्लिक करू नका. डेटा टॅबमधून टेक्स्ट-सीएसव्ही निवडा आणि ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ ही अक्षरं साठवायची पद्धत द्या. लिब्रे ऑफिस हे उघडतानाच विचारतं.

कपाट_क्रमांक_सात
६१ निघाल्या, सगळ्या देवनागरीत. सेड प्रतीवर चालवून, डिफ बघून, मग मूळ फाईलवर चालवला. आता त्या ४३ पुस्तकांची यादी घेऊन काकूंकडे निघालोय.