नवरा मुलांना हात लावत नाही, पण मुलगा बदललाय

साधी_आई: पहिल्यांदाच लिहितेय. लग्नाला ९ वर्षं झाली, मुलगा ७ चा, मुलगी साडेतीन. नवरा चिडला की माझ्यावर हात उचलतो, महिन्यातून दोनतीनदा तरी. मुलांना मात्र एक चापट मारली नाही कधी, उलट लाडच करतो, म्हणून मी धरून चालले होते की मुलांचं काही बिघडत नाहीये. पण आता खाली बाईकचा आवाज आला की मुलगा टीव्ही बंद करतो, खेळणी पटापट भरतो आणि बहिणीला आत घेऊन जातो. अंथरूण ओलं करणं केव्हाच सुटलं होतं ते परत सुरू झालंय, शाळेच्या वेळेला पोट दुखतं, डॉक्टरांना त्यात काहीच सापडलं नाही. परवा म्हणाला, आई तू पप्पांना उलटं बोलू नको ना, मग ते मारणार नाहीत. तेव्हापासून घास उतरत नाहीये. सासूबाई म्हणतात लहान आहेत, विसरतात. खरंच विसरतात का?

शाळेतली_ताई: नाही विसरत गं. मी शाळेत समुपदेशक आहे, ही पोटदुखी मी बऱ्याच मुलांमध्ये बघितलीय आणि ती ढोंग नसते. सतत कानोसा घेत राहिलेलं शरीर असं बोलतं. बाबांनी चप्पल कशी काढली, दार किती जोरात लावलं, यावरून आजची रात्र कशी जाणार हे मूल ओळखायला शिकतं, सगळी शक्ती तिथेच संपते मग वर्गात लक्ष कुठून राहणार, आणि आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. १९९८ मध्ये अमेरिकेत बालपणीच्या वाईट अनुभवांवर एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात आईला मार बसणं हा वेगळा अनुभव म्हणून मोजलाय, मुलाने स्वतः मार खाल्लेला नसला तरी. असे अनुभव जितके जास्त तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयाचे आजारसुद्धा जास्त दिसले.
तो "उलटं बोलू नको" म्हणाला ना, त्याचा अर्थ त्याने हिशोब मांडलाय की चूक आईची. हे आधी पुसायला हवं. शांत वेळी सांग, मारणं ही मारणाऱ्याची चूक, तुझी नाही आणि माझीही नाही. पण पप्पा वाईट आहेत असं म्हणायला लावू नकोस. त्याचं पप्पांवर प्रेमही आहे आणि त्याला भीतीही वाटते, या ओढाताणीतच पोरं जास्त थकतात.

गावाकडचा_४१: तुमच्या मुलाच्या जागी मी होतो म्हणून लिहितो. आमच्या अण्णांनी मला कधी मारलं नाही, पगाराच्या दिवशी जिलेबी आणायचे. आणि रात्री आईचा आवाज यायला लागला की मी मोरीतला नळ सोडायचो, धाकटीला ऐकू जाऊ नये म्हणून. आज मी कुणावर हात उचलत नाही पण भांडण झालं की तीन तीन दिवस बोलत नाही, बायको म्हणते तुमच्या गप्प बसण्याचीच भीती वाटते. माझा भाऊ त्याच घरात वाढला, तो मारतो. आणि एक गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, मला राग अण्णांचा नाही आईचा यायचा, की ही निघून का जात नाही. खूप उशिरा कळलं की ती आमच्यासाठीच थांबली होती.

शांत_रहा: ताई घर मोडू नका, मोठ्यांना मधे घालून बोलून बघा. मुलांना वडील लागतातच.

कोर्टकचेरी: मोठे ९ वर्षं घरातच आहेत की. ताई, तक्रार केली म्हणजे घर सोडावंच लागतं असं नाही. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात त्याच घरात राहायचा हक्क आहे, मारू नये असा आदेश मिळतो, कलम २१ खाली मुलांचा तात्पुरता ताबाही मागता येतो. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला भेटा, पत्ता १८१ या महिला हेल्पलाइनवर विचारा. जिवावर बेतलं तर ११२, मुलांसाठी १०९८. आधार, जन्मदाखले, थोडे पैसे माहेरी ठेवा. मुलाला पक्कं सांगा की मधे पडायचं नाही, बहिणीला घेऊन सरळ शेजारी जायचं. मी असंच केलं होतं.

साधी_आई: सगळं दोनदा वाचलं. नळाचं वाचून रडले, आमचा टीव्हीचा आवाज वाढवतो. काल रात्री त्याला जवळ घेऊन सांगितलं की चूक तुझी नाही, माझीही नाही. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, मग पप्पांना कोण सांगणार? शेजारच्या काकूंशी बोललेय, दार उघडं ठेवते म्हणाल्या. आज दुपारी १८१ ला फोन करतेय.