मदत हवी आहे: ग्रामसभेने केलेली बोअर आणि उसाची बंदी कायद्यात टिकते का?

नमस्कार मंडळी,

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यातलं. गेल्या महिन्यात ग्रामसभेने ठराव केला: शेतीसाठी नवी बोअर घ्यायची नाही आणि पुढची तीन वर्षं उसाची नवी लागण करायची नाही. ज्यांचा खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेलं पीक) उभा आहे त्यांना तुटेपर्यंत मुभा. ठराव बहुमताने झाला, एकमताने नाही.

कारण गावाच्या नळयोजनेची विहीर. पूर्वी उन्हाळ्यातही तिच्या खालच्या तीन-चार पायऱ्या पाण्यात असायच्या. आता होळी झाली की मोटार अर्धा तास पाणी ओढते आणि हवा धरते. मग टँकर, आणि घागरी घेऊन बाया रांगेत. विहिरीच्या वरच्या अंगाला सगळा ऊस आहे, बोअरवरचा.

ठराव होऊन आठवडा झाला नाही तोच एकाच्या रानात रात्रीतून बोअरची गाडी आली. सकाळी पाहतो तर पांढरा राडा बांध ओलांडून शेजारच्या तुरीत गेलेला. सरपंच आणि आम्ही चार-पाच जण गेलो. तो म्हणाला, "जमीन माझी, खालचं पाणी माझं. पंचायतीला अधिकार कुणी दिला?" त्याच्यावर कर्ज आहे. सोयाबीनचा भाव कधी पडेल सांगता येत नाही, उसाचा किमान दर तरी सरकार ठरवतं. त्याचं चुकलं असं मी तोंडावर म्हणू शकलो नाही. पण विहीर आटली तर त्याच्याही घरी टँकरचंच पाणी येणार.

मी वाचलं ते असं. ७३व्या घटनादुरुस्तीने अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय दिले. त्यात शेती पहिलाच, आणि लघुपाटबंधारे व पाणी व्यवस्थापनही आहे. पण कलम २४३छ (इंग्रजीत 243G) प्रमाणे राज्य विधिमंडळ कायद्याने देईल तेवढेच अधिकार पंचायतीला मिळतात. शेती आणि पाणी दोन्ही राज्यसूचीत. उलट १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून जमीनमालकाचा भूजलावरचा हक्क मानला गेलाय. मग हिवरे बाजारात बोअरचं पाणी शेतीला बंद, ऊस-केळी बंद, हे इतकी वर्षं कसं चाललं? कायद्याच्या बळावर की गावाच्या एकीवर?

माझे प्रश्न:
ठराव मोडणाऱ्याला पंचायत दंड करू शकते का? दाखले अडवून धरायचे, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. आणि उसाच्या बंदीला कुठल्या कायद्याचा आधार मिळेल?

कुणी अशा कामात असाल तर कृपया सांगा.

प्रतिसाद

दादा, दाखले अजिबात अडवू नका. ते बेकायदेशीर ठरेल आणि चांगला ठराव बदनाम होईल.

बोअर आणि ऊस वेगळे करा. बोअरसाठी महाराष्ट्र भूजल अधिनियम, २००९ आहे. ६० मीटर किंवा त्याहून खोल विहीर त्या कायद्याने 'खोल विहीर' ठरते आणि शेतीसाठी ती घ्यायला मनाई आहे, क्षेत्र अधिसूचित (भूजल जपण्यासाठी या कायद्याखाली जाहीर केलेलं) असो वा नसो. बोअरच्या गाडीची नोंदणीही लागते. सार्वजनिक पिण्याच्या स्रोताला वेगळं संरक्षण आहे. म्हणजे ठरावात "ग्रामसभा बंदी घालते" असं न लिहिता "या कायद्याची अंमलबजावणी करावी" अशी मागणी लिहा. बोअरची खोली आणि विहिरीपासूनचं अंतर टाकून तक्रार जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, प्रत भूजल सर्वेक्षण यंत्रणेला.

उसाचं अवघड आहे. पीक आराखड्याची तरतूद याच कायद्यात आहे, पण क्षेत्र अधिसूचित झाल्यावर, आणि अधिसूचित करणं राज्याच्या प्राधिकरणाच्या हातात. तोवर तुमचा ठराव संमतीवरच चालणार. हिवरे बाजारातही दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद सभेत मांडतात आणि त्यावर पिकं ठरतात. आकडे डोळ्यांसमोर असले की माणूस ऐकतो.

मूळ प्रश्नकर्ता

मनापासून आभार. तक्रार याच आठवड्यात देतो. ताळेबंदासाठी पर्जन्यमापक बसवायचा आहे आणि विहिरींची पातळी नियमित मोजायची आहे. हे काम गावातल्या पोरांना शिकवेल असं मराठवाड्यात कुणी आहे का? आणि ज्याने बोअर घेतली त्यालाच त्या गटात घ्यावं असं मला वाटतं. तुमचा अनुभव काय?